साथ आली, शाळा बंद पडली, तर लेकरांची दोस्ती कशी धरून ठेवायची?

गोदाकाठचा मास्तर (प्रश्न)

नमस्कार मंडळी. बीड जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेचा (जोडीला अकरावी-बारावीही आहे) आपत्ती आराखडा लिहायचं काम चालू आहे. आग, पूर, भूकंप, वीज पडणं यांची पानं भरली. साथरोगाच्या पानावर मास्क, हात धुणं आणि ऑनलाइन तास, एवढ्यावर गाडी अडली आहे. मार्च २०२० ला शाळा बंद झाल्या, मधे कुठं उघडल्या, परत मिटल्या, आणि ग्रामीण भागात पाचवी ते बारावी नीट सुरू व्हायला ४ ऑक्टोबर २०२१ उजाडला. तेवढ्यात अभ्यास किती बुडाला हे सगळेच मोजतात. लेकरं एकमेकांपासून तुटली त्याचं काय, यावर आमच्या आराखड्यात एक ओळ नाही.

म्हणून जाणकारांना विचारतो. दोस्त दुरावल्यानं पोरांच्या मनावर नेमकं काय होतं? फोनवरची दोस्ती त्याला पुरते का? निम्म्याहून जास्त लेकरांकडं स्वतःचा फोन नाही, घरात एकच आणि तो बापाच्या खिशात, त्यांचं कसं करायचं? आणि मास्तरानं कुठवर हात घालायचा, कुठून पुढं डॉक्टरकडं सोपवायचं? 'मुलांशी संवाद साधावा' असलं मोघम नको. कागदावर उतरवता येईल असं सांगा.

मनोसामाजिक, लातूर

सर, सुरुवात दोस्तीच्या जागांपासून करा. तुमची लेकरं एकमेकांना भेटतात कुठं, ते आधी लिहून काढा. पोरांची यादी पटकन होते: पार, टपरी, तालीम, पीक निघालेल्या रानातलं क्रिकेट. पोरींची बारकी निघते: शाळेची वाट आणि एसटी. मानव विकास योजनेच्या, शाळेच्या पोरींसाठीच्या निळ्या बसमध्ये जाताना अर्धा तास आणि येताना अर्धा तास ज्या गप्पा होतात, त्या घरात कुणाशीच होत नाहीत. बस बंद झाली की ती जागाच गेली. आणि आठवतंय ना, ऑक्टोबर २०२१ ला शाळा उघडल्या, महिनाअखेरीस एसटीचा संप सुरू झाला, तो एप्रिल २०२२ पर्यंत चालला. शाळा चालू होती, तरी कितीतरी पोरींसाठी बंदच होती. म्हणून 'शाळा सुरू होईपर्यंत' अशी मुदत आराखड्यात घालू नका. प्रत्येक जागेपुढं लिहा की ती बंद झाली तर तिच्याऐवजी काय.

आता मनावर काय होतं ते. साधारण दहा ते चोवीस या वयात घरच्यांपेक्षा बरोबरीच्यांचं मत जास्त लागतं, ते त्या वयाचं कामच आहे. दोस्ताशी रोजच्या फालतू गप्पांत पोरगं आपली काळजी ताडून बघत असतं: हे माझ्याच डोक्यात चालतं की सगळ्यांच्या? तो ताळा बंद झाला की छोटी भीती मोठी होते. दुसरं, घरात तो कुणाचा तरी मुलगा, भाऊ, नातूच असतो. दोस्तात तो स्वतः असतो. दिवसभर घरातच राहिलं की तो श्वास जातो आणि किरकोळ कारणावरून आईबापाशी खटके उडतात. आपल्याकडं कुणी 'मला नैराश्य आलंय' म्हणत नाही. 'करमत नाही', 'डोकं जड पडतंय', 'मन लागंना' असं म्हणतात, नाहीतर गुमान पडून राहतात. तुमच्या शिक्षकांच्या कानाला हे शब्द ओळखू यायला पाहिजेत.

काय करायचं:

साथ नसतानाच, जून-जुलैत आणि दिवाळीनंतर, वर्गात चिठ्ठी भरून घ्या. प्रश्न दोनच. घरी बसावं लागलं तर कुणाशी बोलायला आवडेल, तीन नावं. त्यातल्या कुणाचा नंबर तुझ्याकडं आहे? मग एकट्यानं बसून तक्ता करा, कुणाचं नाव किती जणांनी लिहिलं ते मोजा. ज्याचं नाव कुणीच लिहिलं नाही किंवा एकानंच लिहिलं, ते लेकरू बंदच्या पहिल्या आठवड्यात सगळ्यांच्या नजरेतून सुटणार. ते पहिलं.

यावरून तिघातिघांचे गट पाडा. दोघांचे नको, एकाचा फोन बिघडला की दुसरा एकटा पडतो. चार-पाचांचेही नको, त्यात एक जण मुका राहतो. प्रत्येकाच्या गटात त्यानं स्वतः लिहिलेलं निदान एक नाव असावं. तिघांत मिळून दोन चालू फोन असावेत आणि शक्य तर दोघं तरी चालत जाण्याच्या अंतरावर राहणारे. ज्याचं नाव सगळ्यांनी लिहिलंय अशा पोराच्या गळ्यात तीन-तीन एकटी लेकरं बांधू नका, तोच थकतो.

चुका कुठं होतात तेही सांगतो. मास्तर लोक हुशार आणि कच्चा अशी जोडी लावतात. मग ती दोस्ती राहत नाही, शिकवणी होते. दुसरी चूक जास्त खोल आहे. फक्त अंतर बघून गट पाडले की ते वस्तीवार पडतात, आणि आपल्या गावात वस्तीवार म्हणजे जातवार. चिठ्ठीवरची नावं बघितली तर लेकरांनी ती रेघ बऱ्याचदा आधीच ओलांडलेली असते. तुम्ही परत ओढू नका.

बोलायचं आठवड्यातून दोनदा, पंधरा-वीस मिनिटं, ठरलेल्या वारी ठरलेल्या वेळी. बाप रानातून येतो त्यानंतरची वेळ धरा, म्हणजे फोन घरात असतो. पाच मिनिटं इकडचं तिकडचं. मग काहीतरी मिळून करायचं: तिघांनी एकच गणित सोडवायचं, एकच भाजी आपापल्या घरी करून बघायची, कोडी घालायची, एक गोष्ट पाळीपाळीनं पुढं न्यायची. शेवटी प्रत्येकानं आपला मनाचा आकडा सांगायचा, ० ते १०, दहा म्हणजे मस्त. लागोपाठ दोन वेळा तीन किंवा खाली आला तर गटातल्यानं वर्गशिक्षकाला कळवायचं. ही काही तपासून घेतलेली चाचणी नाही, बोलायला वाट करून देणारी खूण आहे. फायदा असा की शेजारी आजी बसलेली असली तरी 'तीन' एवढं म्हणता येतं.

मिळून काहीतरी करण्यावर जोर का देतोय? दोन दोस्त रोज तेच ते दुःख उगाळत बसले की दोस्ती घट्ट होते, मन मात्र आणखी बुडतं. अमेरिकेतल्या अमांडा रोज यांनी २००२ मध्ये हे नीट मांडलं; त्यांच्या २००७ च्या पुढच्या अभ्यासात मुलींच्या बाबतीत दोन्ही गोष्टी वाढताना दिसल्या, मैत्रीही आणि उदासीही. मुलांमध्ये मैत्री वाढली, उदासी वाढली नाही. म्हणून नियम सोपा ठेवा: रडगाणं ऐकायचं, पूर्ण ऐकायचं, तोडायचं नाही, पण तेच तिसऱ्यांदा सुरू झालं की विचारायचं, 'बरं, यातलं उद्या सकाळी आपल्याला काय करता येईल?'

आकड्यांचा माणूस

वरचं पटलं. फक्त 'फोनची दोस्ती पुरते का' याला सरळ हो-नाही उत्तर देणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

कॅनडात २०२० च्या पहिल्या बंदच्या वेळी १,०५४ किशोरांचा एक अभ्यास झाला. जे दोस्तांशी ऑनलाइन जास्त वेळ जोडलेले होते त्यांना एकटेपणा कमी वाटत होता, पण उदासीची लक्षणं जास्त होती. दोन्ही एकदम! घरच्यांसोबतचा वेळ आणि शाळेचं काम यांच्याशी मात्र कमी उदासी जोडलेली दिसली. आता यातून 'फोननं उदास होतात' असं काढलं तर चूक. एकाच वेळी विचारलेले प्रश्न आहेत. उदास पोरंच फोनला जास्त चिकटली असतील असंही निघू शकतं. ऑस्ट्रेलियात २४८ जणांना साथीच्या आधी आणि साथीत असं दोनदा विचारलं होतं, ते जास्त उपयोगाचं. ज्यांना आपण इतरांशी जोडलेले आहोत असं वाटत होतं त्यांची पडझड कमी झाली. आईबापाशी भांडणं वाढलेली आणि ऑनलाइन शिक्षण झेपत नसलेली लेकरं जास्त घसरली. म्हणजे मोजायचं असेल तर स्क्रीनचे तास मोजू नका, 'मला कुणीतरी आहे' असं वाटतं का ते विचारा.

आराखड्यासाठी सगळ्यात कामाचा निष्कर्ष २०२० च्या एका आढाव्यातला आहे: ६३ अभ्यास, ५१,५७६ लेकरं आणि तरुण, बहुतेक अभ्यास साथीच्या आधीचे. एकटेपणा किती तीव्र होता यापेक्षा तो किती दिवस टिकला याचा पुढच्या त्रासाशी जास्त संबंध होता, आणि तो संबंध काही अभ्यासांत नऊ वर्षांनंतरही दिसला. म्हणून चौथ्या महिन्यात मोठा ऑनलाइन मेळावा घेण्यापेक्षा दुसऱ्या आठवड्यात पंधरा मिनिटांचा फोन बरा.

आणि हे अभ्यास बहुतेक अशा देशांतले, जिथं पोराचा फोन पोराच्याच हातात असतो. एका फोनवर पाच जणांचं घर त्यात नाही, हे ध्यानात ठेवून वाचा.

मेस-रूम-टेस्ट सिरीज

अकरावी-बारावीचा विषय निघालाय म्हणून लातूर, नांदेड, संभाजीनगरच्या क्लासवाल्या पोरांबद्दल थोडं. त्यांची दोस्ती गावातली नसते, रूम पार्टनर आणि मेसच्या टेबलावरची असते. मार्च २०२० मध्ये ती रातोरात मोडली. गावाकडं परतल्यावर जुने दोस्त 'आला लातूरचा डॉक्टर' म्हणून चिडवतात आणि नवे दोस्त प्रतिस्पर्धीही असतात. त्यात डॉक्टरकीची प्रवेश परीक्षा 'नीट' ३ मेची २६ जुलैवर, तिथून १३ सप्टेंबरवर गेली. तेवढे महिने ग्रुपवर एकच धंदा: परीक्षा होणार का, कधी होणार, अमक्याला आतून कळलंय म्हणे.

उपाय लई साधे आहेत. दोन ग्रुप वेगळे करा. एक सूचनांचा, त्यात फक्त ॲडमिन लिहिणार, रोज संध्याकाळी एकदा. दुसरा गप्पांचा, त्यात मार्क, रँक आणि परीक्षेच्या अफवा टाकायला बंदी. तिसरं, 'फोन चालू, तोंड बंद' अभ्यास: तिघांनी साधा व्हॉइस कॉल लावायचा, ५० मिनिटं आपापला अभ्यास, १० मिनिटं गप्पा. व्हिडिओ नको, डेटा जातो आणि मागं घर दिसतं म्हणून पोरं लाजतात.

खेळांबद्दलही जाता जाता. त्या काळात पोरांची निम्मी दोस्ती पबजीवर चालली होती, २ सप्टेंबर २०२० ला त्यावर बंदी आली आणि कित्येक टोळ्या एका दिवसात पांगल्या. मोठ्यांनी टाळ्या वाजवल्या. खेळाबरोबर बोलणंही गेलं, ते कुणी बघितलं नाही. खेळ रात्री दोनपर्यंत चालतो ही अडचण खरी आहे, पण त्यासाठी वेळ बांधून द्या, दहाला फोन चार्जिंगला आणि चार्जर ओसरीत.

गोदाकाठचा मास्तर

फार कामाचं मिळतंय, आभार. दोन अडचणी राहतात. एक, रिचार्ज संपलेल्या पोराला बाकीचे 'भाव खातोय' म्हणतात, त्यावरून भांडणं होतात. दोन, पोरींचं. फोन स्पीकरवर ठेवूनच बोलायचं असा घरचा दंडक असतो. शिवाय दिवाळीनंतर आमची बरीच लेकरं आईबापांबरोबर ऊसतोडीला जातात, ती कुठल्याच गटात सापडत नाहीत.

गटप्रवर्तक ताई

सर, पहिल्याचं उत्तर एका ओळीत आहे. वर्गात फळ्यावर लिहूनच टाका: रिप्लाय नाही म्हणजे रिचार्ज नाही, असं धरून चालायचं. व्हॉट्सॲपवर 'लास्ट सीन' आणि निळी टिक बंद करायला शिकवा, अर्धी भांडणं तिथंच मिटतात. मिस्ड कॉलची खूण ठरवा, एक म्हणजे 'ठीक आहे', लागोपाठ दोन म्हणजे 'मला फोन कर'. पण रिचार्ज संपून बरेच दिवस झाले की इनकमिंगही बंद होतं, त्यामुळं आठवडाभर खूण आली नाही तर गटातल्या जवळच्यानं घरी जाऊन दारातून हाक मारायची. दोन गज अंतर, उघड्यावर, मास्क लावून. बंदी कडक असेल तर आशाताई घरोघर फिरतातच, त्यांना नाव सांगा.

पोरींसाठी स्पीकरशी भांडू नका, स्पीकर धरूनच प्रश्न बनवा. 'हो', 'नाही' किंवा आकड्यात उत्तर येईल असे. 'झोप येते का?' 'काल जेवलीस का दोन्ही वेळा?' 'तिथं आहेस तिथं बरं आहे का?' आणि एक शब्द आधी ठरवून ठेवा, अगदी साधा, उदाहरणार्थ 'भूगोलाची वही'. 'माझी भूगोलाची वही तुझ्याकडं राहिली' असं ती म्हणाली की समजायचं, मोठ्या माणसाला सांगायची वेळ आलीय. पहिला फोन बाईंनी आईला करावा, वेळ आणि वार सांगावा, गटातल्या तिन्ही पोरीच असाव्यात. एवढं केलं की घरची कुरकूर बरीच कमी होते.

आता जे नाजूक आहे ते. एखादी पोरगी ग्रुपमधून गेली, फोन बंद, घरचे 'मामाकडं गेलीय' म्हणतात, तर ती रुसली असं समजू नका. बंदच्या काळात आपल्या भागात बालविवाह वाढल्याच्या बातम्या उगाच आल्या नव्हत्या: शाळा नाही, कार्य थोडक्यात उरकतं, खर्च वाचतो. ही गोष्ट सगळ्यात आधी कळते ती मैत्रिणीला. तिला माहीत पाहिजे की १०९८ वर फोन करता येतो, फुकट, नाव न सांगता. गावात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी ग्रामसेवक असतात, अंगणवाडीताई त्यांच्या मदतीला. तारीख ठरल्याचं कळलं की त्याच दिवशी सांगायचं, हळद लागल्यावर नाही. आणि सांगणाऱ्या मैत्रिणीचं नाव तुमच्या तोंडून कुठंही निघता कामा नये, गावात ती पुढं राहायची आहे.

ऊसतोडीच्या लेकरांसाठी दसऱ्यालाच वही करा. रकाने चारच: टोळी कोणत्या कारखान्याला, मुकादमाचा नंबर, बापाचा नंबर, परत कधी. टोळी एका थळातून (तोडीच्या मुक्कामातून) दुसऱ्या थळात हलते, गावाचं नाव लिहून उपयोग नाही. मुकादमाचा नंबर मात्र टिकतो. त्या लेकराला गटातून काढू नका, चौथा म्हणून ठेवा. पहाटे तोड सुरू होते, गाड्या भरायला कधी रात्र होते, म्हणून त्याच्यासाठी वेळ ठरवू नका. त्याचा मिस्ड कॉल आला की फिरवून करायचा.

ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयात किशोरवयीनांसाठी मैत्री क्लिनिक असतं, १० ते १९ वयासाठी, फुकट. नावच मैत्री आहे, पण पोरांना ते ठाऊक नसतं. वार कोणता ते आधी विचारून आराखड्यात लिहा.

मनोसामाजिक, लातूर

ताईंनी उत्तम लिहिलंय. 'कुठवर हात घालायचा' हे राहिलं होतं.

दोस्ताचं काम तीन शब्दांत: पाहा, ऐका, जोडा. जागतिक आरोग्य संघटनेच्या मानसिक प्रथमोपचारातले हेच टप्पे. उपचार करणं, रात्रभर जागून समजूत घालणं, गुपित सांभाळणं हे सोळा वर्षांच्या पोराचं काम नाही, हे त्याला आधीच सांगा. नाहीतर दोन लेकरं बुडतात.

दोन आठवड्यांहून जास्त दिवस झोप-भूक बिघडलेली, आवडीच्या गोष्टीत रस नाही, आकडा वर येत नाही, तर मैत्री क्लिनिक किंवा जिल्हा रुग्णालय. लातूर, नांदेड, अंबाजोगाईची शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आणि संभाजीनगरचं घाटी रुग्णालय इथं मनोविकार विभाग आहेत. टेली मानस १४४१६ चोवीस तास, फुकट, मराठीतही बोलतात. ही सेवा ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली, म्हणजे मागच्या साथीच्या तिन्ही लाटांत नव्हती, पुढच्या वेळी हाताशी असेल.

मरणाची भाषा, जवळच्या वस्तू वाटून टाकणं, सगळ्यांची माफी मागत फिरणं, अचानक शांत होणं, यातलं काही दिसलं तर थांबायचं नाही. सरळ विचारायचं: 'जिवाचं बरंवाईट करावं असं मनात येतं का?' विचारल्यानं कल्पना सुचते हा गैरसमज आहे. उत्तर 'हो' आलं तर त्याला एकटं सोडायचं नाही, घरातल्या मोठ्याला त्याच क्षणी सांगायचं, १४४१६ लावायचा, धोका समोर असेल तर १०८. 'कुणाला सांगू नको' असं वचन घेतलेलं असलं तरी मोडायचं. पोलीस केस होईल या भीतीनं लोक लपवतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात अशा माणसाला शिक्षा नाही, उपचार आहेत. आणि हे पालकसभेत साथ नसतानाच सांगा: घरातली फवारणीची औषधं कुलपात, चावी मोठ्या माणसाकडं. कापूस-सोयाबीनच्या पट्ट्यात हा एक उपाय दहा भाषणांना भारी आहे.

एक नेहमीची गफलत. शाळा उत्साहानं पीएचक्यू-९ ही उदासी मोजायची प्रश्नावली गूगल फॉर्मवर पाठवतात. नऊ प्रश्न, मागच्या दोन आठवड्यांबद्दल, प्रत्येकी ० ते ३, एकूण २७. दहा किंवा त्याहून जास्त आले तर तज्ज्ञाकडं पाठवायचं एवढाच अर्थ, निदान नाही. नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा आहे. त्यावर शून्याशिवाय काहीही उत्तर आलं तर त्याच दिवशी त्या लेकराशी बोललं पाहिजे. फॉर्म शनिवारी रात्री पाठवला आणि सोमवारी उघडला, तर न पाठवलेला बरा. बघायला माणूस नसेल तर प्रश्नावली लावूच नका.

ज्याच्या घरी कुणी गेलं त्याच्याशी काय बोलावं हे कळत नाही म्हणून दोस्त टाळतात. गटाला तारखा द्या: तिसरा दिवस, तेरावा, महिना, आणि पहिला सण. पहिल्या सणाला फोन हमखास राहतो. 'काळजी करू नको' म्हणायचं नाही, 'दिवाळीला आठवण आली असेल ना रे?' एवढं विचारून गप्प बसायचं.

शाळा उघडल्यावर पहिले पंधरा दिवस बाक बदलू नका. जुना शेजारी तसाच राहू द्या.

गोदाकाठचा मास्तर

घेतो सगळं. एक शेवटचं. त्या चिठ्ठ्या कार्यालयाच्या कपाटात ठेवू का फाईलला लावून? तपासणीला दाखवता येतील.

मनोसामाजिक, लातूर

नको सर. तक्ता झाला की चिठ्ठ्या त्याच दिवशी फाडा, तक्ताही तुमच्याजवळच ठेवा. तपासणीला गटांची यादी दाखवा. कुणाचं नाव कुणीच लिहिलं नाही, हे शिपायाला कळलं की संध्याकाळपर्यंत गावाला कळतं.